माऊस-कीबोर्डच्या कोडला हात लावताय? आधी हे वाचा

आम्ही तिघं-चौघं मिळून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खोलीतनं एक छोटा टेक्स्ट एडिटर सांभाळतो. वापरणारे बहुतेक इथलेच, डीटीपीवाले, वकिलांचे टायपिस्ट, कॉलेजची पोरं. नवीन कोण आलं की त्याला पहिल्यांदा इनपुटचाच कोड नीटनेटका करायची हौस येते, कारण तो दिसायला सोपा आणि वाचायला लई घाण आहे, आणि मग तेच तेच प्रश्न सुरू होतात. म्हणून एकदाच लिहून ठेवलंय. तुमचा एडिटर दुसरा असला तरी बहुतेक सगळं तसंच लागू पडतंय.

प्र. की दाबली, अक्षर उमटलं. यात एवढं घाबरायचं काय?

मधी किती जण बसलेत ते बघा की. कीबोर्ड फक्त "अमुक नंबरची की खाली गेली" एवढंच सांगतो, त्याला क माहीत नाही आणि के पण माहीत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम लेआउट (कुठल्या कीवर कुठलं अक्षर याची यादी) बघून अक्षर ठरवते, वाटेत इनपुट मेथड (मराठीसारखी भाषा टाइप करून देणारा प्रोग्रॅम) असेल तर ती ते अडवून थोडा वेळ स्वतःकडं ठेवते, मग ते एडिटरकडं येतं, एडिटर आधी बघतो हा शॉर्टकट आहे का, नसेल तर मजकुरात घालतो. इंग्रजीत हे सगळं सरळ एकास एक चालतंय म्हणून आपली समजूत होते की एक की म्हणजे एक अक्षर.

आता इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण लेआउटवर, शिफ्ट धरून ७ दाबा. क्ष येतो. की एक, पण मजकुरात कोड, म्हणजे अक्षरांचे युनिकोड नंबर, गेले तीन: क, हलंत (पाय मोडायचं चिन्ह) आणि ष. तोच क्ष शेजारचा माणूस तीन वेळा बोट मारून काढतो, केवर क, डीवर हलंत, शिफ्ट-स्वल्पविरामावर ष. फोनेटिकवाल्याचं अजून तिसरंच, तो रोमन अक्षरं मारत जातो, खाली रेघ असलेला शब्द बदलत राहतो आणि स्पेस दिल्यावर पक्का होतो. तिघांच्या फायलीत शेवटी एकच क्ष, पण तुमच्या कोडपर्यंत येणारी वाट तिघांची वेगळी, आणि तुम्ही टेस्ट केलेली असते चौथीच, साध्या इंग्रजीची, आणि वर म्हणायचं "माझ्याकडं तर चालतंय".

प्र. शॉर्टकट ओळखताना अक्षर बघायचं का कीची जागा?

दोन्ही, पण क्रमानं. इनस्क्रिप्ट चालू असताना सीच्या जागी म आहे आणि व्हीच्या जागी न. कोडमध्ये "कंट्रोल आणि सी" असं नुसतं अक्षर तपासलंत तर मराठी चालू असताना कॉपी मरतंय, कारण तुमच्याकडं "कंट्रोल आणि म" येऊन पडतंय. मग कोणतरी हुशार म्हणतो, जागाच बघू. वेबवरच्या एडिटरात ते सोपं पण आहे, 'की' ही प्रॉपर्टी अक्षर सांगते आणि 'कोड' ही जागा सांगते. पण नुसती जागा बघितली की फ्रेंच कीबोर्डवाल्याचं वाटोळं, त्याच्याकडं डब्ल्यूच्या जागी झेड असतो, म्हणजे तो बिचारा अनडू करायला कंट्रोल-झेड मारणार आणि तुमचा कोड ते कंट्रोल-डब्ल्यू समजून फाईलच बंद करणार. आम्ही आधी अक्षर बघतो, ते साधं रोमन अक्षर असेल तर तेच खरं मानतो, नसेल तर मगच जागेवर जातो. एवढ्यावर बऱ्यापैकी भागतंय.

प्र. मराठी टाइप करताना शब्द निवडायला एंटर मारला की ओळच तुटते. कुठं चुकलं?

तुम्ही एंटर आल्या आल्या पकडलाय, म्हणून. फोनेटिक किंवा कुठलीही सुचवणी देणारी इनपुट मेथड चालू असते तेव्हा तो एंटर तुमचा नसतो, तिचा असतो, "हा शब्द पक्का कर" असं तिला सांगितलेलं असतं. ब्राउझरमध्ये कंपोझिशन (शब्दाची जुळवाजुळव) सुरू, बदल, समाप्त असे तीन इव्हेंट, म्हणजे सूचना, येतात आणि मधल्या कीडाउनवर (की खाली गेल्याच्या सूचनेवर) 'इज कंपोझिंग' खरं असतंय, ते बघायचं आणि गप्प बसायचं.

इथंच एक खड्डा आहे ज्यात आम्ही दोनदा पडलो. सफारीत (मॅकवरच्या ब्राउझरात) कंपोझिशन संपल्याचा इव्हेंट आधी येतो आणि त्या एंटरचं कीडाउन नंतर, म्हणजे तोपर्यंत 'इज कंपोझिंग' खोटं झालेलं असतंय आणि ओळ तुटतेच. तिथं जुन्या कीकोडची किंमत २२९ येते, ती पण तपासावी लागते. कीकोड जुनाट झालाय, वापरू नका असं सगळीकडं लिहिलेलं असतंय, आणि कोणतरी "साफसफाई" म्हणून ती २२९ ची ओळ काढतो. आमच्याकडं आता त्या ओळीच्या वर कॉमेंट आहे: काढू नये, काढायची असेल तर आधी मॅकवर मराठी टाइप करून दाखवावे.

प्र. बॅकस्पेसनं अख्खं जोडाक्षर पुसलं पाहिजे ना? युनिकोड स्टँडर्डप्रमाणं ते एकच अक्षर आहे.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि एकदा मी स्वतःच त्याचं उत्तर "हो" दिलं होतं.

लग्नसराईचे दिवस. शाहूपुरीत एक वहिनी पत्रिकांची डीटीपी करतात, त्यांचा हात असा चालतो की बघत बसावं. पत्रिकेच्या माथ्यावर "श्री अंबाबाई प्रसन्न" टाइप करताना शेवटी चुकून एक काना जास्त पडला, "प्रसन्ना" झालं. त्यांनी न बघता बॅकस्पेस मारला आणि पुढच्या ओळीला गेल्या, कारण वीस वर्षं बॅकस्पेस मारला की काना जातो आणि न्न राहतो. आमच्या नव्या व्हर्जनमध्ये न्न पण गेला. माथ्यावर राहिलं "श्री अंबाबाई प्रस". बरं झालं प्रूफला सापडलं, छापून गेलं असतं तर मला शाहूपुरीत पाय ठेवता आला नसता.

झालं काय होतं? "न्ना" मध्ये चार कोड आहेत, न, हलंत, न, काना. मी बॅकस्पेसला सांगितलं होतं की लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) ज्याला एक अक्षर म्हणते ते पूर्ण पुस. गंमत अशी की आधीच्या लायब्ररीनं ते "न्" आणि "ना" असं दोन तुकड्यांत मोजलं होतं, आणि २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये आपल्या जोडाक्षरांसाठी नवा नियम आला त्यानंतर तेच सगळं मिळून एक अक्षर झालं. म्हणजे मी कोड बदलला एकदा, आणि नंतर नुसती लायब्ररी अपडेट केली त्यानं वागणं अजून एकदा बदललं, कोडची एक ओळ न बदलता.

आता आमचं असं आहे: बॅकस्पेस मागनं एक एक कोड काढतो, काना काढ, मग न, मग हलंत, कारण माणूस तो नुकतंच टाइप केलेलं सुधारण्यासाठी मारतो. डिलीट मात्र पुढचं अख्खं अक्षर काढतो, कारण पुढनं नुसता न काढला तर मागं उरलेला हलंत वाऱ्यावर लोंबकळतो. बाण पण अख्ख्या अक्षरावरनं उडी मारतात. तीन कीज, तीन नियम, आणि ते एका फंक्शनमध्ये कोंबून "कॉमन" करायचा मोह आवरायचा. "स्त्री" हा शब्द टेस्टला घ्या, सहा कोड आहेत त्यात, सगळं उघडं पडतंय.

प्र. कंट्रोल-ऑल्टचे कॉम्बिनेशन मोकळे दिसतात, नवीन शॉर्टकट तिथं ठेवू का?

नको. विंडोजमध्ये उजवीकडचा ऑल्ट-जीआर म्हणजे कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र धरल्यासारखाच धरला जातो. इंग्लिश-इंडिया लेआउटवर रुपयाचं चिन्ह ऑल्ट-जीआर आणि ४ वर आहे. आमच्यातल्या एकानं कंट्रोल-ऑल्ट-४ वर "खिडकीचे चार भाग करा" ठेवलं आणि मार्केट यार्डातल्या एका अडत्याच्या दिवाणजींचा फोन आला की बिलात रुपया टाकायला गेलं की स्क्रीनची चार शकलं होतात.

प्र. माऊस तरी सोपा असेल? क्लिक म्हणजे क्लिक.

माऊसचं दुखणं असं की त्याची गोष्ट लांब चालते. बटण खाली गेलं, मग हलला, मग वर आलं, आणि यातलं शेवटचं "वर आलं" तुम्हाला कळेलच असं नाही. माणूस मजकूर सिलेक्ट करत करत खिडकीच्या बाहेर जातो, बटण तिथं सोडतो, तुमच्या एडिटरला पत्ताच नाही, आणि परत आत आला की बटण न दाबता सिलेक्शन त्याच्या मागं मागं फिरतंय. उपाय साधा आहे, बटण खाली गेल्यावर पॉइंटर कॅप्चर करायचा म्हणजे बाहेरचं पण आपल्याला कळतं, आणि हलताना दर वेळी बघायचं की बटण खरंच अजून खाली आहे का. खिडकीचा फोकस गेला, म्हणजे माणूस दुसऱ्या खिडकीत गेला, की चालू असलेलं ड्रॅग सोडून द्यायचं. कीबोर्डलाही हेच, ऑल्ट-टॅब केलं की ऑल्ट वर आल्याची बातमी दुसऱ्या खिडकीला जाते आणि तुमचा एडिटर ऑल्ट दाबलेलाच आहे असं धरून बसतो. फोकस गेला की सगळे मॉडिफायर (शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट) शून्यावर आणा.

डबल क्लिकचा वेळ स्वतःच्या मनानं लिहू नका. विंडोजमध्ये तो डिफॉल्ट ५०० मिलिसेकंद आहे पण माणूस तो बदलू शकतो, वयस्कर लोक हमखास वाढवून ठेवतात, म्हणून सिस्टिमला विचारा. आणि माऊसचा स्विच झिजून एका क्लिकला दोन क्लिक येत असतील तर ते कोडमध्ये दुरुस्त करायला जाऊ नका, नवीन माऊस घ्यायला सांगा.

चाकाचं एक सांगतो. विंडोजमध्ये चाकाचा एक खटका म्हणजे १२०. जुना कोड १२० नं भागून पूर्णांक घेतो आणि तेवढ्या ओळी सरकवतो. टचपॅड मात्र १०-१५ असे बारीक तुकडे पाठवतो, प्रत्येकाला १२० नं भागलं की शून्य, म्हणजे दोन बोटं कितीही घासा, पान हलत नाही. उरलेली बाकी साठवत जायची, १२० भरले की एक खटका.

आणि आपल्या लिपीचं खास. "कि" मध्ये वेलांटी दिसते क च्या डावीकडं, पण साठवलेली असते क च्या नंतर. माणसानं वेलांटीवर क्लिक केलं तर कर्सर कुठं ठेवायचा? रुंदी भागून अर्ध्यात ठेवलात तर कर्सर क आणि वेलांटीच्या मधी जातो, तिथं काहीतरी टाइप झालं की वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. अख्ख्या अक्षराच्या आधी किंवा नंतर, मधी नाही.

प्र. डावखुऱ्यांसाठी बटणं उलटी करायची सोय देऊ का?

सिस्टिमनं ती आधीच दिलीय आणि नेहमीचे इव्हेंट उलटे होऊनच येतात. तुम्ही परत उलटे केलेत तर सरळ होतील.

प्र. टर्मिनलमधला एडिटर असेल तर?

मग वेगळीच दुनिया. टर्मिनलमधल्या, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतल्या, एडिटरला की खाली गेली, वर आली असलं सहसा काही कळत नाही, तिथं नुसते बाइट येतात. टॅब आणि कंट्रोल-आय एकच, एंटर आणि कंट्रोल-एम एकच, एस्केप म्हणजे २७ नंबरचा बाइट आणि बाणाच्या कीजपण त्याच २७ नं सुरू होतात, म्हणून एस्केप दाबल्यावर एडिटर क्षणभर थांबून बघतो की मागनं अजून काही येतंय का. तो थांबा काढून टाकला तर लांबच्या सर्व्हरवर बाण दाबल्यावर कचरा उमटतो, जास्त ठेवला तर व्हिम एडिटरवाले शिव्या घालतात. कंट्रोल-एस सेव्हला ठेवणार असाल तर आधी फ्लो कंट्रोल (कंट्रोल-एसनं आउटपुट थांबवायची जुनी सोय) बंद करा, नाहीतर टर्मिनल गोठतंय आणि नवा माणूस घाबरून खिडकीच बंद करतो. गोठलं तर कंट्रोल-क्यू.

माऊसचं जुनं एनकोडिंग जागेत ३२ मिळवून एका बाइटमध्ये पाठवतं, म्हणून २२३ व्या कॉलमच्या पुढं क्लिक पोचत नाही. मोठ्या मॉनिटरवर "उजव्या बाजूला क्लिक होत नाही" अशी तक्रार आली की हेच. १००६ नंबरचा नवा मोड वापरा. आणि एडिटर क्रॅश झाला तरी माऊस मोड बंद करूनच मरेल अशी सोय करा, नाहीतर त्यानंतर टर्मिनलमध्ये माऊस हलवला की आकड्यांचा पाऊस पडतो. 'रिसेट' कमांड मारली की थांबतो.

प्र. मी कोड नाही लिहीत, फक्त माझे शॉर्टकट बदलतोय. मला काय धोका?

फायलीची एक कॉपी बाजूला ठेवा आणि काम उद्या द्यायचं असेल तर आज हात लावू नका. बिघडलं तर आधी हे ठरवा की बिघाड तुमच्या सेटिंगचा आहे का एडिटरचा. व्हिम 'क्लीन' पर्यायानं उघडतो, ईमॅक्स मोठ्या क्यूनं, दोन्हीत तुमचं कायबी लोड होत नाही. व्हीएस कोडमध्ये कीबोर्ड शॉर्टकट ट्रबलशूटिंग चालू केलं की कुठली की आली आणि ती कुठल्या कमांडला गेली हे एकेक ओळीत दिसतं. व्हिममध्ये 'व्हर्बोज मॅप' विचारलं की ते मॅपिंग कुठल्या फायलीतनं आलं ते सांगतो. मॅप न वापरता नोरीमॅप वापरा, नाहीतर एक की दुसरीला आणि दुसरी पहिलीला बोलावत बसते. इन्सर्ट मोडमध्ये जेके वर एस्केप ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्या, जे मारल्यावर एडिटर डिफॉल्ट १००० मिलिसेकंद केची वाट बघतो. आणि मराठी लेआउट चालू ठेवून नॉर्मल मोडला (जिथं कीज म्हणजे कमांड असतात) गेलात तर जेच्या जागी र जातो आणि कर्सर ढिम्म, त्यासाठी व्हिमचं लँगमॅप सेटिंग आहे.

प्र. ठीक आहे, बदल करायचाच आहे. पद्धत काय?

आधी वागणं न बदलता कोड सरळ करा, ते वेगळं कमिट, म्हणजे बदलाची वेगळी नोंद. मग वागणं बदला, ते वेगळं. दोन्ही एकात घातलं की सहा महिन्यांनी बायसेक्ट करत (बिघाड कुठल्या नोंदीत आला ते निम्मं-निम्मं करून शोधत) तुम्ही त्या कमिटवर येऊन पोचता आणि तिथं आठशे ओळी असतात.

आमच्याकडं तीन थर आहेत. पहिला थर सिस्टिमकडनं आलेला इव्हेंट घेतो, दुसरा त्याची कमांड ठरवतो, तिसरा मजकूर बदलतो. तिसऱ्या थराला कीबोर्ड नावाची वस्तू जगात आहे हे माहीतच नाही, त्यामुळं "स्त्री मधला शेवटचा कोड काढ" ही टेस्ट कीबोर्डशिवाय चालते. पहिल्या थरातले इव्हेंट आम्ही फायलीत उतरवून घेतो, लेआउट, वेळ, क्रम सगळ्यासकट, आणि बदल केल्यावर तीच फाईल परत वाजवतो, कॅसेटसारखी. त्या शाहूपुरीच्या वहिनींची दहा मिनिटांची एक कॅसेट आहे, ती पास झाल्याशिवाय काहीच बाहेर जात नाही. फक्त रेकॉर्डिंग त्यांना विचारून आणि समोर बसून केलं. वापरणाऱ्याच्या मशीनवर असलं लॉगिंग गुपचूप चालू ठेवायचं नाही, लोक पासवर्डसुद्धा एडिटरात टाइप करतात. तिथं लॉग मागायचाच झाला तर अक्षरं वगळून नुसता इव्हेंटचा क्रम मागा.

नवीन वाट नेहमी एका सेटिंगच्या मागं, आणि सुरुवातीला बंद. जुनी वाट तशीच जागेवर. ते सेटिंग परत जुन्यावर न्यायला माऊस एकटा पुरला पाहिजे आणि कीबोर्ड एकटा पण पुरला पाहिजे, हे लोक हमखास विसरतात, कीबोर्डची हँडलिंग मोडली आणि ती परत फिरवायला शॉर्टकटच दाबायचा असेल तर काय उपयोग.

प्र. जुनं वागणं सरळसरळ चुकीचं असेल तरी ठेवायचं?

यावर आमच्यातच भांडणं आहेत. माझं मत, कुणाच्या तरी हातात बसलं असेल तर ते फुकट बदलायचा आपल्याला हक्क नाही. गोदरेजनं १९५५ ला टाइपरायटर बनवायला सुरुवात केली, तसल्या मशिनीवर मराठी शिकलेली माणसं आजही रेमिंग्टन लेआउटच मागतात. इनस्क्रिप्ट जास्त शास्त्रशुद्ध आहे हे त्यांना पटतं पण, मान डोलावतात आणि परत रेमिंग्टन लावतात. मिनिटाला चाळीस शब्दांचा हात विसावर आणायला सांगणार कोण? नवीन माणसाला नवीन डिफॉल्ट द्या, जुन्याचं जुनं राहू द्या.

प्र. टेस्टिंग स्वतः केलं तर चालत नाही का?

चालतं, पण पुरत नाही. आपण आपल्याच कोडला जपून दाबतो. कोणाच्या तरी मागं उभं राहा, तोंड बंद ठेवून. शिफ्ट सोडायच्या आधीच पुढची की मारणारे, एका हातात चहा आणि एका बोटानं टाइप करणारे, सिलेक्शन अर्ध्यात सोडून फोन उचलणारे. शिफ्ट पाच वेळा मारून स्टिकी कीज (शिफ्ट-कंट्रोल धरून न ठेवता चालतात ती सोय) चालू झालेलं ज्यांना कळत नाही ते पण.

प्र. हे सगळं करून पण फोन आला, "चालंना झालंय". आता?

आधी सेटिंग जुन्यावर न्यायला सांगा, त्यांचं काम चालू होऊ दे, बिघाडाचं कारण मागनं शोधता येतंय. मग तीन गोष्टी विचारा, लेआउट कुठला, कीबोर्ड कुठला आणि नक्की काय दाबलं. तरी उलगडा नाही झाला तर गाडी काढून जावा. मागल्या खेपेला त्याच अडत्याच्या दिवाणजींचा फोन, ए मारला की सगळा मजकूर निळा होतोय आणि एस मारला की सेव्हची खिडकी उघडतीय, तुमच्या नव्या व्हर्जननं वाट लावली. आम्ही रात्रभर मॉडिफायरचा कोड उलटापालटा केला, फोकसचं सगळं परत तपासलं. सकाळी मार्केट यार्डात जाऊन कीबोर्ड उचलून बघितला तर डावा कंट्रोल खाली गेलेलाच, वर यायचं नाव नाही. स्क्रू ड्रायव्हरनं कॅप काढली. आत हरभऱ्याएवढा गुळाचा खडा.